वाचक विचारतात : नव्या गाड्यांचे रूप, इंजिन आणि मोल

या वेळी आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रे नव्या गाड्यांविषयीची आहेत, म्हणून हा अंक त्यांनाच दिला आहे. उत्तरांत माझी आवडनिवड डोकावेल, हे आधीच कबूल करतो. गाड्यांच्या बाबतीत पूर्ण तटस्थ असलेला माणूस मला अजून भेटलेला नाही.

प्रश्न : नव्या गाड्यांचे चेहरे इतके रागीट का दिसतात? समोरची जाळी दर नव्या मॉडेलबरोबर वाढत चालली आहे आणि दिवे बारीक होत होत कपाळावर चढले आहेत. यामागे काही तांत्रिक कारण आहे, की ही केवळ टूम आहे?

उत्तर : सुरुवात नियमांनी करून दिली आणि पुढचे टुमेने केले, असे माझे मत आहे. गाडीची धडक बसलेल्या पादचाऱ्याचे डोके बहुधा बॉनेटवर आपटते, आणि पत्र्याखाली लगेच इंजिनाचा कठीण भाग असेल तर इजा जीवघेणी ठरते. म्हणून युरोपीय संघाने २००३ मध्ये पादचाऱ्यांच्या सुरक्षेसाठी निर्देश काढला आणि २००५ पासून नव्या मॉडेलांना तशा चाचण्या लागू झाल्या. पत्रा आणि इंजिन यांच्यामध्ये दबायला मोकळी जागा हवी, म्हणून बॉनेट उंच झाले आणि गाडीचे निमुळते नाक बोथट झाले. समोर एवढी उंच, सपाट भिंत उभी राहिल्यावर ती कोरी ठेवण्याचा संयम फारच थोड्या डिझाइनरांना साधला आहे.

दिव्यांची कथाही अशीच आहे. पूर्वी दिवा गोल असे, कारण बल्बमागे वाटीसारखा मोठा परावर्तक लागत असे. एलईडी आल्यावर ती गरज संपली आणि दिव्याला हवा तो आकार देता येऊ लागला. त्यातच २०११ पासून युरोपात नव्या मॉडेलांना दिवसा पेटणारे दिवे सक्तीचे झाले, आणि त्या दिव्यांची रेघ हीच कंपनीची सही बनली. पुष्कळ गाड्यांत आता वर कपाळावर असते ती ही रेघ, आणि रस्ता दाखवणारा खरा हेडलाइट असतो खाली बंपराच्या कोपऱ्यात. २०१० च्या निसान ज्यूकने मोठे गोल दिवे असे खाली नेले, तेव्हा लोक हसले होते. आज त्यावर कुणी वळूनही पाहत नाही. माझी तक्रार दिसण्याविषयी नाही, जागेविषयी आहे. गर्दीत कोपरा घासला की आधी जातो तो बंपर, आणि त्याच्याबरोबर आता महागडा दिवाही जातो.

जाळीचे मात्र समर्थन करता येत नाही. बीएमडब्ल्यूची जोड-जाळी १९३३ च्या ३०३ या गाडीपासून चालत आली आहे, पण २०२० च्या ४ सीरिजवर ती बॉनेटच्या कडेपासून बंपराच्या तळापर्यंत उतरली, तेव्हा जगभर गहजब झाला. कोणत्याही नव्या गाडीसमोर उकिडवे बसून जाळीच्या भोकात बोट घालून पाहावे. अर्ध्याहून अधिक भोके पलीकडे काळ्या प्लॅस्टिकने बुजवलेली आढळतात. रेडिएटरला लागणारी हवा बहुधा खालच्या फटीतून जाते. विजेवरच्या गाडीला तर समोरून एवढ्या हवेची गरजच नसते, तरी तिच्याही तोंडावर जाळीचा मुखवटा चढवलेला असतो, आणि त्यामागे फार तर एखादे रडार लपलेले असते.

असे चेहरे टिकतील का, याचा अंदाज जुन्या उदाहरणांवरून बांधता येतो, पण तो बेतानेच बांधावा. कॅडिलॅकच्या मागच्या बाजूला १९४८ मध्ये दोन छोटे पंख उगवले, १९५९ मध्ये ते टोकाला पोहोचले आणि त्यानंतर काही वर्षांतच दिसेनासे झाले. याउलट जॉर्जेटो जुजारो यांनी रेखाटलेली १९७४ ची फोक्सवॅगन गोल्फ आणि १९८० ची फियाट पांडा या दोन्ही गाड्या आजही जुनाट वाटत नाहीत, जुन्या वाटतात. पण बीएमडब्ल्यूचे तेव्हाचे डिझाइनप्रमुख क्रिस बँगल यांच्या काळातली २००१ ची ७ सीरिज आली तेव्हा तिच्या डिकीच्या झाकणावर इतकी टीका झाली की बँगल यांना काढून टाकावे म्हणून लोकांनी सह्या गोळा केल्या. गाडी मात्र चांगली खपली. मीही तेव्हा नाक मुरडणाऱ्यांतच होतो आणि आज तीच गाडी मला बरी वाटते, त्यामुळे आपल्या रागीट चेहऱ्यांवर मी शेवटचा निकाल देणार नाही.

प्रश्न : मागे एकदा आपण लिहिले होते की गाडी घेताना दिसण्यावर जाऊ नये. हे मला पटले नाही. सकाळी दार उघडताना गाडीकडे पाहून बरे वाटणे याला काहीच मोल नाही का?

उत्तर : आहे, आणि ते वाक्य मी मागे घेतो. मात्र गाडी बाहेरून पाहण्यात दिवसातला अर्धा मिनिट जातो आणि आत बसण्यात तास-दीड तास, हेही हिशेबात धरावे. हल्ली खिडकीखालची रेघ मागे जाताना चढत जाते. त्यामुळे गाडी बाजूने झेप घेण्याच्या तयारीत असल्यासारखी दिसते, पण मागच्या सीटवरच्या लहान मुलाला बाहेरचे झाड न दिसता दाराचे प्लॅस्टिक दिसते आणि दहाव्या मिनिटाला ते मूल मळमळते म्हणून सांगते. छपराचे खांबही जाड झाले आहेत. गाडी उलटली तर छप्पर टिकावे म्हणून ते जाड हवेतच, पण त्याची किंमत वळणावर कळते, जेव्हा रस्ता ओलांडणारा माणूस खांबाआड पूर्ण मावतो. म्हणून शोरूममध्ये गाडीभोवती एक फेरी मारलीत, तर आतल्या प्रत्येक सीटवरही पाच-पाच मिनिटे बसावे. दोन्हीकडून आवडली तर खुशाल घ्यावी.

प्रश्न : एक लिटरचे तीन सिलिंडरचे टर्बो इंजिन घ्यावे, की दीड लिटरचे चार सिलिंडरचे बिनटर्बोचे? कागदावर टर्बोचा जोरही जास्त आहे आणि मायलेजही. घरातली वडीलधारी मंडळी मात्र म्हणतात की तीन सिलिंडर टिकत नाहीत. आमचा रोजचा प्रवास शहरातला, जाऊन-येऊन दहा किलोमीटरचा आहे. लांबचा प्रवास वर्षातून चार-पाच वेळा होतो.

उत्तर : आपण रोजचा प्रवास लिहिलात हे फार चांगले केलेत, कारण उत्तर त्यातच आहे. या विषयावर सर्वांत जास्त पत्रे येतात, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

कागदावरचा आकडा खोटा नसतो, पण तो कोणत्या वेगाला मिळतो हे पाहावे लागते. इंजिनाची शक्ती म्हणजे टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, गुणिले फेरे. मिनिटाला १५०० फेऱ्यांवर १७० न्यूटन-मीटर टॉर्क देणारे टर्बो इंजिन साधारण २७ किलोवॅट शक्ती देते. तेवढ्याच फेऱ्यांवर १२० न्यूटन-मीटर देणारे साधे इंजिन १९ किलोवॅटच्या आसपास राहते. म्हणून चढावर किंवा ट्रकला मागे टाकताना टर्बोचा पिकअप भरघोस मिळतो आणि गिअर कमी बदलावे लागतात. पण इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या टर्बोची पाती फिरतात ती इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या झोतावर. ती मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतात, आणि तिथवर पोहोचायला आधी पुरेसा धूर यावा लागतो. रांगेत अडकून गाडी बोटाबोटाने पुढे सरकत असते तेव्हा तेवढा धूर नसतो. त्या क्षणी आपल्या हाती असते ते टर्बोवाचूनचे एक लिटरचे इंजिन, आणि ते एका पूर्ण कुटुंबाचे ओझे ओढत असते. क्लच सोडताना गाडी आधी रेंगाळते आणि मग एकदम धावते, अशी तक्रार ज्यांची असते, त्यांची गाडी बहुधा बिघडलेली नसते. तिचा तो स्वभावच असतो.

तीन सिलिंडरांचे म्हणाल, तर ‘टिकत नाहीत’ हा आरोप चुकीचा आहे, ‘थरथरतात’ हा आरोप बरोबर आहे. चार सिलिंडरांत क्रँक, म्हणजे पिस्टनांनी फिरणारा मुख्य दांडा, दर १८० अंश फिरला की एक स्फोट होतो, तीन सिलिंडरांत दर २४० अंशांनी. म्हणजे दोन धक्क्यांमधली विश्रांती मोठी होते. शिवाय पहिला आणि तिसरा पिस्टन आलटून पालटून वर-खाली होत असल्यामुळे इंजिनाची दोन टोके सीसॉसारखी झुलू पाहतात. कंपन्या त्यावर तोल सांभाळणारा दांडा, वजनदार चक्र आणि मऊ माउंटिंग असे उपाय करतात, आणि चांगल्या गाडीत धावताना काहीच कळत नाही. परीक्षा घ्यायची ती सिग्नलवर उभे असताना. एसी लावावा, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवावी आणि आरशात मागच्या गाडीच्या नंबरकडे पाहावे. आकडे स्वच्छ वाचता आले तर इंजिन नीट बसवले आहे. आकड्यांना कड फुटलेली दिसली तर तीच थरथर रोज स्टिअरिंगमधून हातात येणार आहे.

आयुष्य सिलिंडरांच्या संख्येवर ठरत नाही, तेल आणि उष्णता यांवर ठरते. इथे आपला दहा किलोमीटरचा प्रवास आडवा येतो. जाताना पाच आणि येताना पाच किलोमीटर म्हणजे इंजिनाचे ऑइल नीट तापायच्या आतच गाडी बंद. न जळलेले थोडे पेट्रोल आणि ओलावा ऑइलमध्ये उतरतो आणि तापून उडून जाण्याची संधी त्याला मिळत नाही. सिलिंडरमध्ये थेट पेट्रोल फवारणाऱ्या टर्बो इंजिनांत हे अधिक होते. त्याच थेट फवाऱ्यामुळे आत येणाऱ्या हवेच्या व्हॉल्व्हवर काजळीही साचते, कारण पूर्वी येता-जाता त्यांना धुणारे पेट्रोल आता त्यांच्यावरून वाहतच नाही. टोयोटासारख्या काही कंपन्या यासाठी काही इंजिनांत दोन्ही प्रकारचे फवारे बसवतात. टर्बोच घेणार असाल, तर ऑइल किलोमीटर मोजून न बदलता कॅलेंडर पाहून बदलावे, आणि टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्ह वेळेवर उघडणारा पट्टा) ऑइलमध्ये भिजत फिरणारा आहे का, हे विक्रेत्याला आधीच स्पष्ट विचारावे. तसा असेल तर अगदी सांगितलेल्या प्रतीचेच ऑइल वापरावे लागते आणि वेळच्या वेळी बदलावे लागते, नाहीतर बेल्टचे कण सुटून ऑइलच्या गाळणीत अडकतात.

मायलेजचे गणित जरा गंमतीचे आहे. युरोपातली जुनी चाचणी इतकी सौम्य होती की त्यात छोट्या टर्बो इंजिनाला जोर लावावाच लागत नसे आणि आकडा सुरेख येई. २०१७ पासून तिथे डब्ल्यूएलटीपी ही अधिक कडक पद्धत आली आणि आकडे जमिनीवर उतरले. हलक्या पायाच्या माणसाला टर्बो खरोखर काटकसरी वाटतो. पाय दाबणाऱ्याच्या हाती मात्र तोच खादाड होतो, कारण जोर फार वाढला की आतली उष्णता आटोक्यात ठेवण्यासाठी पुष्कळ इंजिने जादा पेट्रोल ओततात.

छोट्या इंजिनाचा मार्ग सगळ्यांनीच पत्करला असे मात्र नाही. माझदाने २०११ मध्ये टर्बो न लावता संपीडन, म्हणजे सिलिंडरमधले मिश्रण दाबण्याचे प्रमाण, १४ पटींपर्यंत नेऊन साध्या इंजिनातूनच काटकसर काढली. दुसऱ्या टोकाला मर्सिडीज-एएमजीने २०२२ मध्ये सी६३ या गाडीतले आठ सिलिंडरांचे इंजिन काढून दोन लिटरचे चार सिलिंडरांचे इंजिन आणि विजेची मोटर बसवली. कागदावर शक्ती कितीतरी वाढली, तरी चाहत्यांनी आवाज गेला म्हणून सुतक पाळले. पैसे मोजणारा माणूस फक्त किलोवॅट मोजत नाही, हे तेव्हा पुन्हा दिसले.

आपल्याला माझा सल्ला चार सिलिंडरच्या साध्या इंजिनाचा आहे. त्याच गाडीत हायब्रिडचा पर्याय असेल आणि तो आवाक्यात असेल तर तो त्याहून बरा, कारण साधे इंजिन जिथे कमी पडते त्या अगदी सुरुवातीच्या ओढीलाच विजेची मोटर हात देते. १९९७ च्या पहिल्या टोयोटा प्रियसपासून ही युक्ती चालत आली आहे. लांबचे प्रवास वर्षातून चार-पाच न होता महिन्याला चार-पाच होत असते, तर मी टर्बोच्या बाजूने लिहिले असते.

प्रश्न : आमच्या नव्या गाडीला मागे चकचकीत सायलेन्सरची दोन तोंडे आहेत, पण धूर येतो तो खालच्या एका बारीक नळीतून. ही फसवणूक नाही का?

उत्तर : ते दागिने आहेत. बंपरचा साचा काढतानाच ते ओतलेले असतात. आवाजाचेही तसेच झाले आहे. २०११ च्या बीएमडब्ल्यू एम५ मध्ये इंजिनाचा आवाज स्पीकरमधून वाढवून ऐकवला जात असे, तिथे बिचाऱ्या दोन नळ्यांना काय बोलावे? धुताना त्यांत साचणारी माती काढत जावी, एवढेच.

प्रश्न : तेवढ्याच पैशांत छोट्या गाडीचे टॉप मॉडेल मिळते आणि मोठ्या गाडीचे बेस मॉडेल. शहाणपण कशात आहे?

उत्तर : नंतर काय बसवता येईल आणि काय येणार नाही, अशी विभागणी करून पाहावी. संगीत, सीट कव्हर, मागचा कॅमेरा हे कधीही बसवता येते. एअरबॅग, सांगाड्याची ताकद, मागच्या सीटची रुंदी, सस्पेन्शन आणि इंजिन जन्मभरासाठी ठरलेले असते. या निकषावर बेस मॉडेल पुष्कळदा जिंकते, पण त्यात सुरक्षेच्या गोष्टी गाळल्या असतील तर ते लगेच हरते, म्हणून माझा कल बहुधा मधल्या मॉडेलकडे असतो. क्रॅश-चाचणीचे तारे पाहताना वर्षही पाहावे. चाचण्या कडक होत जातात, त्यामुळे दहा वर्षांपूर्वीचे पाच तारे आणि आजचे पाच तारे एका तराजूत घालता येत नाहीत.

टॉप मॉडेलचा एक खर्च जाहिरातीत नसतो. त्याच्या रिंगा मोठ्या असतात आणि टायरची भिंत बोटभर उरलेली असते. खड्ड्याचा धक्का पूर्वी टायर गिळायचे, आता तो रिंग घेते, आणि टायर बदलायची वेळ आली की मोठ्या मापाचा टायर बहुधा बराच महाग पडतो. शक्य असेल तर टेस्ट ड्राइव्ह दोन्ही मापांच्या चाकांवर घ्यावी. मला तरी आजवर एकदाही मोठ्या रिंगांची गाडी अधिक आरामदायी वाटलेली नाही.

‘छोटी’ या शब्दावरही फार जाऊ नये. १९५९ ची मिनी ३.०५ मीटर लांब होती, आजची ३.८ मीटरच्या पुढे गेली आहे. पहिली गोल्फ ३.७ मीटर होती, आठवी सुमारे ४.२८ मीटर आहे. म्हणजे आजची मिनी कालच्या गोल्फहून लांब आहे. नावाचेही असेच. २०१२ पासून फोक्सवॅगनच्या एमक्यूबी या एकाच पायावर गोल्फ, ऑडी ए३ आणि स्कोडा ऑक्टाव्हिया उभ्या आहेत. २०१९ ची टोयोटा सुप्रा आणि बीएमडब्ल्यू झेड४ तर ऑस्ट्रियातल्या ग्राझ इथल्या एकाच कारखान्यातून बाहेर पडल्या. बॉनेटवरच्या बिल्ल्यासाठी जादा पैसे देण्यात पाप नाही, फक्त ते बिल्ल्यासाठी देत आहोत हे ठाऊक असावे.

प्रश्न : वडिलांना नव्या गाडीत एसी कमी करायला पडद्यावर तीन ठिकाणी बोट लावावे लागते आणि ते वैतागतात. त्यांनी बदलायला हवे की गाडीने?

उत्तर : गाडीने. एका स्वीडिश मोटार-मासिकाने २०२२ मध्ये ताशी ११० किलोमीटरच्या वेगात अशी चार साधी कामे करून घेतली होती. बटणे असलेल्या २००५ च्या जुन्या व्होल्व्होत ती १० सेकंदांत झाली. सर्वांत वाईट पडदा असलेल्या नव्या गाडीत जवळजवळ ४५ सेकंद लागले, म्हणजे तेवढ्यात गाडी सव्वा किलोमीटरहून अधिक पुढे गेली. गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या युरो एनकॅप या संस्थेने २०२६ पासून इंडिकेटर, वायपर, हॉर्न यांसारख्या कामांना खरी बटणे किंवा दांडे असतील तरच पूर्ण गुण, असे ठरवले आहे, त्यामुळे बटणे परततील अशी आशा आहे. तोवर पडद्यावर शॉर्टकट ठेवण्याची सोय असेल तर एसीचा शॉर्टकट पहिल्या पानावर लावून द्यावा.

प्रश्न : आम्हाला आवडलेल्या गाडीचे नवे रूप काही महिन्यांत येणार अशी कुजबुज आहे. विक्रेता सध्याच्या गाडीवर चांगली सूट देतो आहे. थांबावे का?

उत्तर : आधी कुजबुज कशाची आहे ते पाहावे. नुसता फेसलिफ्ट असेल तर बदलतात ते बंपर, दिवे, जाळी आणि पडदा. दारे आणि छप्पर तेच राहतात, कारण पत्रा दाबायचे साचे नव्याने करणे कंपनीला फार महाग पडते. झाकलेल्या गाडीचे छायाचित्र मिळाले तर दाराच्या काचांची रेघ जुन्या गाडीशी ताडून पाहा. ती तीच असेल तर थांबण्यात फारसा लाभ नाही.

पिढीच बदलत असेल तर प्रश्न गाडी किती वर्षे ठेवणार याचा आहे. तीन वर्षांत विकणार असाल तर जुना चेहरा विकताना तोटा देतो आणि मिळालेली सूट तिथेच निघून जाते. आठ-दहा वर्षे ठेवणार असाल तर सूट खरोखर आपली, शिवाय शेवटच्या वर्षातल्या गाडीचे बारीकसारीक दोष तोवर दूर झालेले असतात, आणि नव्या पिढीच्या पहिल्या वर्षी ते ग्राहकांच्या हातून सापडत असतात. फोर्डची मॉडेल टी १९०८ पासून १९२७ पर्यंत दीड कोटी खपली ती फारसे रूप न बदलता. जुनी गाडी जुनी वाटावी म्हणून दरवर्षी रूप बदलण्याची रीत जनरल मोटर्सने त्याच विसाच्या दशकात रुजवली, आणि आपल्या मनातली चलबिचल ही त्याच रीतीची कमाई आहे.

सूट घेणारच असाल तर आवारात उभी असलेली नेमकी गाडी पाहायला मागावी. तिच्या निर्मितीचा महिना आणि वर्ष पाहावे. टायरच्या कडेला कोरलेल्या चार आकड्यांतले पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे असतात, म्हणजे २३२४ असेल तर टायर २०२४ च्या २३ व्या आठवड्यातला. गाडी बरेच महिने उन्हात उभी असेल तर बॅटरी खालावलेली असते; ती नवी बसवून देण्याचे लेखी घ्यावे आणि त्यानंतरच बुकिंगचे पैसे भरावेत.